जुन्या फ्लॅश फायली पुन्हा कशा चालवाव्यात

ब्राउझरमध्ये फ्लॅश प्लगइन पुन्हा कसे सुरू करायचे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे: ते शोधूच नका. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचे काम थांबवले आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर स्वतःच मजकूर दाखवायला नकार देऊ लागला. क्रोम आणि फायरफॉक्सनेही त्याच महिन्यात फ्लॅशला रामराम ठोकला. आता ‘फ्लॅश डाउनलोड करा’ असे सांगणाऱ्या साइटवरून काहीही उतरवून घेऊ नका. त्यासोबत व्हायरस येण्याचीच शक्यता जास्त.

मात्र फ्लॅशमध्ये बनवलेले धडे, खेळ, हलती चित्रे आजही पाहता येतात. त्यासाठी ‘रफल’ हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरा. ते फ्लॅशची नक्कल करते, जुना प्लेअर लागत नाही.

आधी फाइल ओळखा. नावाच्या शेवटी ‘एसडब्ल्यूएफ’ असेल तर ती फ्लॅशची. शेपूट गायब असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळा गिचमिड मजकूर दिसेल, पण पहिली तीन अक्षरे वाचता येतात: एफडब्ल्यूएस, सीडब्ल्यूएस किंवा झेडडब्ल्यूएस. यांपैकी काही दिसले की फाइल फ्लॅशचीच. काही न बदलता, सेव्ह न करता नोटपॅड बंद करा. नावाच्या शेवटी ‘डीसीआर’ असेल तर ती शॉकवेव्ह या वेगळ्या प्रकारची. तिच्यावर रफलचा उपयोग नाही.

फाइल सीडीवर असेल तर अख्खे फोल्डर संगणकावर कॉपी करा. ही पायरी टाळू नका. मुख्य फाइल आवाज, चित्रे, पुढचे धडे शेजारच्या फायलींमधून मागवते; ती एकटीच उचललीत तर पहिला पडदा दिसून गाडी तिथेच अडते.

आता रफलच्या अधिकृत साइटवरून डेस्कटॉप आवृत्ती घ्या. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींसाठी ती मिळते. उतरवलेली फाइल उलगडा, रफल उघडा आणि त्यातून मुख्य फाइल निवडा. शेजारच्या फायली वाचण्याची परवानगी मागितली तर फोल्डर ओळखीचे असल्याची खात्री करून होकार द्या. एखाद्या साइटवरचा फ्लॅश मजकूर पाहायचा असेल तर ब्राउझरच्या अधिकृत दुकानातून रफलचे एक्स्टेन्शन बसवा आणि पान पुन्हा लोड करा.

सगळेच चालेल असे नाही. २००६ मध्ये फ्लॅश प्लेअर ९ सोबत अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ आली; त्याआधीच्या फायली रफल बहुधा नीट चालवते, नंतरच्यांपैकी काही अडखळतात. रफलवर काम सुरूच आहे, म्हणून अडलेली फाइल टाकून न देता काही महिन्यांनी नव्या आवृत्तीत पुन्हा उघडून पाहा. मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे आली तर तो धडा बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे आणि फॉन्ट फाइलमध्ये भरलेला नाही. सीडीवर ‘फॉन्ट्स’ नावाचे फोल्डर आहे का, ते पाहा. असल्यास तो फॉन्ट संगणकावर बसवून पुन्हा प्रयत्न करा.

घरी बर्न केलेल्या सीडी वर्षांगणिक खराब होतात. शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या कपाटात अशा सीडी असतील तर चालवण्याचे नंतर पाहा, कॉपी आधी करून घ्या.