कालव्याचं पाणी विकणारा एकच. मग दर वाजवी हे कोण ठरवतं?

प्रश्न : आमच्या पलूस-कडेगाव पट्ट्यात ताकारी उपसा योजनेचं पाणी आलं आणि उसाचं क्षेत्र वाढलं. पाणीपट्टी कारखाना ऊसबिलातून परस्पर कापून घेतो. एका दुकानात माल महाग वाटला तर माणूस शेजारच्या दुकानात जातो. कालव्याच्या बाबतीत तशी सोय नाही. विकणारा एकटाच असेल, तर त्याचा भाव वाजवी आहे की नाही हे कोण बघतं? आणि कशावरून ठरवतं?
– एक ऊस उत्पादक, कुंडल

उत्तर : कोण बघतं याचं उत्तर सोपं आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. २००५च्या कायद्यानं ते स्थापन झालं आणि पाण्यासाठी असं प्राधिकरण नेमणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. धरण, नदी किंवा कालव्यातून जे पाणी शेती, नळयोजना आणि कारखान्यांना ठोक दिलं जातं, त्याचा दर ते ठरवतं. कशावरून ठरवतं, हे मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पाण्यात एकच विक्रेता असतो, तो कुणाच्या कटामुळे नव्हे. उपसा योजनेचा बहुतेक खर्च पहिल्या थेंबाच्या आधीच झालेला असतो : पंपगृह, मोठ्या व्यासाच्या नळ्या, कालवा, वितरिका. शेजारून दुसरा कालवा काढला तर पाणी तेवढंच राहील आणि खर्च दुप्पट होईल. म्हणून एकच व्यवस्था असणं सगळ्यांना स्वस्त पडतं. पण ती एकच असल्यामुळे तिच्या मालकाला हवा तो भाव लावता येतो. त्याचा हात धरायला तिसरा कुणीतरी लागतो.

तुमच्या कृष्णाकाठानं यावर स्वतःचं एक उत्तर फार पूर्वी काढलं आहे, आणि त्याचं मोल आपण पुरेसं जाणलेलं नाही असं मला वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर, तेव्हाच्या कुंडल रोड स्टेशनाजवळ, कारखाना उभारला. पुढे तिथल्या पंपांनी नदीचं पाणी वर चढवलं आणि सांगली, सातारा, कोल्हापूरच्या नदीकाठी सहकारी पाणीपुरवठा संस्था उभ्या राहिल्या. या संस्थेत पाणी विकणारा आणि घेणारा एकच असतो. दर वाढवला तर सभासद स्वतःच्याच खिशातून भरतो, आणि सचिवाचा हिशेब वार्षिक सभेत उभं राहून विचारता येतो. तिथे बाहेरचा नियामक लागत नाही. योजना जेव्हा कैक तालुक्यांची होते, मालकी महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाकडे जाते आणि पाणी घेणारे हजारोंनी वाढतात, तेव्हा ही सोय संपते.

अशा वेळी नियामकानं काय करायचं, यावर जगात दोन मुख्य पद्धती रुळल्या. जुनी पद्धत अशी की पुरवठादारानं खर्च दाखवावा, नियामकानं तो तपासावा आणि त्यावर ठरावीक परतावा धरून दर बांधून द्यावा. यात खर्च वाचवायची कुणाला घाई नसते. हार्वे अॅव्हर्च आणि लेलँड जॉन्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६२मध्ये दाखवून दिलं, की परतावा गुंतवलेल्या भांडवलावर मिळत असेल तर कंपनी गरज नसतानाही भांडवल वाढवत नेते. दुसरी पद्धत ब्रिटनमध्ये स्टीफन लिटलचाइल्ड यांनी १९८३मध्ये आधी टेलिफोनसाठी सुचवली. काही वर्षांसाठी दराची कमाल मर्यादा आधीच ठरवून टाकायची. त्या मर्यादेत कंपनीनं जेवढी काटकसर केली तेवढा नफा तिचा. मुदत संपली की नवी मर्यादा घालताना त्या काटकसरीचा फायदा ग्राहकाकडे वळवायचा.

इंग्लंड-वेल्समधल्या दहा पाणी कंपन्या १९८९मध्ये खासगी झाल्या, तेव्हा ऑफवॉट या नियामकानं हीच पद्धत पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी राबवली. एका कंपनीचा खर्च दुसरीच्या खर्चाशी ताडून पाहण्याची युक्तीही वापरली. तरी कंपन्यांवर कर्जाचे डोंगर चढले, जुन्या नळ्या गळत राहिल्या, मैलापाणी नद्यांत सुटत राहिलं. डिसेंबर २०२४मध्ये ऑफवॉटनं पुढच्या पाच वर्षांसाठी महागाई सोडून सरासरी ३६ टक्के वाढ मंजूर केली आणि जुलै २०२५मध्ये ब्रिटिश सरकारनं ऑफवॉटच बरखास्त करून नवा नियामक आणायचं जाहीर केलं. नियामक नेमला म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यांनी हा अनुभव नीट वाचावा. आपला खर्च किती आणि तो का झाला, हे कंपनीला नियामकापेक्षा नेहमीच जास्त ठाऊक असतं.

आता आपल्याकडे या. ताकारीला भागधारक नाहीत, त्यामुळे नफा किती द्यायचा हा वादच उरत नाही. शिवाय धरण आणि कालवा बांधायला झालेला खर्च दरात धरला जात नाही. २००५च्या कायद्याच्या कलम ११नुसार दरातून वसूल करायचा तो व्यवस्थापनाचा, प्रशासनाचा आणि देखभाल-दुरुस्तीचा खर्च, मात्र तो पूर्ण. त्या खर्चाची शेती, घरगुती वापर आणि उद्योग यांच्यात वाटणी होते. शेतीचा दर सर्वांत कमी, उद्योगाचा कितीतरी जास्त. बाटलीबंद पाणी आणि शीतपेयं करणारे, म्हणजे पाणी हाच ज्यांचा कच्चा माल, ते सर्वांत वर.

केवळ खर्चावरून दर निघतो असंही नाही. याच कायद्याच्या कलम १२मध्ये एक तरतूद आहे, जी फार थोड्या शेतकऱ्यांना माहीत असते : दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला शेतीच्या पाण्याचा हक्क मिळवण्यासाठी दीडपट दर. कायदा लागू होण्याआधीच तेवढी मुलं असतील आणि पुढे संख्या वाढली नसेल, तर सूट. पाण्याच्या दराला लोकसंख्या धोरणाचं ओझं वाहायला लावणं मला पटत नाही. त्यात पाणी वाचवणाऱ्याला काही मिळत नाही आणि उधळणाऱ्याचं काही बिघडत नाही.

दर ठरवण्याआधी लाभधारकांची मतं जाणून घेणं प्राधिकरणावर बंधनकारक आहे आणि दराचा फेरविचार दर तीन वर्षांनी व्हायचा आहे. प्रत्यक्षात पहिला ठोक दराचा आदेश २०११मध्ये निघाला आणि नंतरची मोठी सुधारणा जानेवारी २०१८मध्ये आली. तीन वर्षांचा नियम सात वर्षांवर गेला, की मधल्या काळातला तोटा सरकारी तिजोरी भरते किंवा दुरुस्तीच होत नाही. फुटलेली वितरिका तुम्ही पाहिली असेलच.

उपसा योजनेत आणखी एक गुंता आहे. इथे दोन नियामकांचे निर्णय एकाच बिलात येतात. पाण्याचा दर जलसंपत्ती प्राधिकरणाचा, तर पंपाला लागणाऱ्या विजेचा दर १९९९मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज नियामक आयोगाचा. हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच न्यायला पदार्थविज्ञानाच्या हिशेबानं सुमारे ०.२७ युनिट वीज लागते. पंप, मोटर आणि नळीतली घट धरली तर ०.४ युनिट. एक एकर उसाला वर्षभरात दोन मीटर खोलीचं पाणी दिलं, तर ते आठ हजार घनमीटरांवर जातं. म्हणजे शंभर मीटर उपशाला एकरी सव्वातीन हजार युनिट. हे बिल पूर्णपणे शेतकऱ्यावर टाकलं तर ऊस परवडणारच नाही. म्हणून कृष्णा खोऱ्यातल्या उपसा योजनांसाठी ८१-१९चं सूत्र आलं : वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाचा, १९ टक्के लाभधारकांचा. वरच्या हिशेबात तुमच्या वाट्याला सुमारे ६१५ युनिटांचे पैसे येतात आणि उरलेल्या २,६०० युनिटांचे राज्यातल्या करदात्याचे जातात.

या सूत्राला माझा विरोध नाही. दुष्काळी माणदेशाच्या कडेला असलेल्या या भागाला पाणी हवंच होतं. माझी तक्रार मोजमापाबद्दल आहे. बहुतेक ठिकाणी पाणीपट्टीची आकारणी आजही पीक आणि क्षेत्र बघून होते : इतके आर ऊस, इतकी पाणीपट्टी. वितरिकेच्या तोंडाशी असलेला शेतकरी पाट भरून पाणी घेतो, टेलच्या शेतकऱ्याला आवर्तन संपता संपता उरलंसुरलं मिळतं, आणि दोघांचा हेक्टरी दर सारखाच. असा दर कितीही काळजीपूर्वक ठरवला तरी पाणी कमी वापरण्याचं कारण तो कुणालाच देत नाही. तो कर होऊन बसतो. याच २००५ साली सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाचा वेगळा कायदा झाला. पाणी वापर संस्थेला घनमीटरवर मोजून पाणी द्यायचं आणि संस्थेनं सभासदांत वाटायचं, असं त्यात ठरलं. जिथे संस्था खरोखर चालते आणि मोजयंत्र शाबूत आहे, तिथे दराला अर्थ येतो. कारण मग कालव्यात किती सोडलं आणि संस्थेला किती पोचलं यातला फरक कागदावर दिसतो, आणि ती गळती लाभधारकाच्या माथी मारायची की महामंडळाच्या, हा प्रश्न सुनावणीत विचारता येतो.

ऊसबिलातून कपात ही वसुलीची सोय आहे, दराशी तिचा संबंध नाही. तिचा एक फायदा मात्र मोठा आहे. थकबाकीपोटी वीज तुटून पंप बंद पडल्याचं सांगली जिल्ह्यानं अनेकदा पाहिलं आहे, आणि पंप थांबले की पैसे भरणाऱ्याचंही पीक वाळतं. कपातीच्या पावतीवर क्षेत्र, पीक, हंगाम आणि दर वेगवेगळे लिहून मागा. एकच आकडा लिहिला असेल तर तो तपासता येत नाही.

प्रश्न : गावच्या नळाची पाणीपट्टीही हेच प्राधिकरण ठरवतं का?

उत्तर : नाही. प्राधिकरणाचा अधिकार योजनेनं नदीतून उचललेल्या पाण्यापर्यंत. पुढे घराच्या नळाला काय आकारायचं ते १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४खाली ग्रामपंचायत ठरवते, शहरात महापालिका. नागपुरात २०१२पासून ऑरेंज सिटी वॉटर ही खासगी कंपनी पाणीपुरवठा चालवते, पण तिथेही दर महापालिकेच्या हातात आहेत. म्हणजे नळाच्या बाबतीत विकणारा आणि दर ठरवणारा एकच, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारं तिसरं कुणी नाही. तिथे तिसऱ्याची जागा ग्रामसभेनंच घ्यायची आहे. कुंडल ज्या औंध संस्थानात होतं तिथे १९३९च्या राज्यघटनेनं गावच्या पंचायतींकडे कारभार सोपवला होता, म्हणजे ही सवय तुमच्याकडे नवी नाही.

ग्रामसभेत जाताना एक हिशेब सोबत न्या. जलजीवन मिशनच्या निकषानं माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर पाच जणांच्या घराला वर्षाला सुमारे शंभर घनमीटर पाणी लागतं. ते शंभर मीटर उंच चढवायला चाळीस युनिट वीज पुरते. वर काढलेल्या एक एकर उसाच्या पाण्यात अशी ऐंशी घरं वर्षभर भागतात. वीजबिलामुळे घरटी पाणीपट्टी वाढवावी लागली असं कुणी सांगितलं, तर वर्षभराचं वीजबिल, टाकीत चढलेलं पाणी आणि नळजोडण्यांची संख्या हे तीन आकडे मागून घ्या. घरामागे युनिटांचा आकडा चाळीसच्या कितीतरी पट निघाला, तर पाणी कुठेतरी गळतं आहे, पंप जुना झाला आहे किंवा जोडण्या नोंदीपेक्षा जास्त आहेत. त्यातलं कुठलं, हे शोधल्याशिवाय वाढीव दराला मंजुरी देऊ नका.