नाव, फी आणि पसंतीक्रम

१. मोठं नाव महागच असतं असं नाही, हे मुलाच्या सीईटीच्या निकालानंतर उमगलं. पुण्याचं सीओईपी १८५४चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७चं. दबदबा राज्यभर, तरी फी बऱ्याच नावाजलेल्या खासगी कॉलेजांहून कमी. पेच पडतो तो यांचा कटऑफ थोडक्यात हुकलेल्यांना. आमच्यापुढे एकीकडे पुण्यातलं बडं खासगी कॉलेज होतं, दुसरीकडे कराडचं १९६०पासूनचं सरकारी. नातेवाइकांचा कौल अर्थातच पुण्याला.

२. फी म्हणजे खर्च नव्हे. शुल्क नियामक प्राधिकरणाने मान्य केलेला आकडा कॉलेजच्या संकेतस्थळावर दिसतो. खोलीचं भाडं, डिपॉझिट, मेस, लॅपटॉप, सणासुदीचं येणंजाणं त्यात कुठून दिसणार? बायकोने हे सगळं वहीत उतरवलं, तेव्हा पुण्याच्या रकान्याची बेरीज पानाखाली गेली.

३. शैक्षणिक कर्ज आपण काढतो, पण फेडायचं असतं मुलाला. या गोष्टीने मी सर्वांत जास्त हललो. दरसाल दीड लाख, चार वर्षं, दहा टक्के व्याज असं धरलं. शिक्षण संपून वर्षभर हप्ता नाही, हे ऐकून बरं वाटतं. पण व्याज पहिल्या दिवसापासून धावत असतं. सरळव्याजानेही सहा लाखांचे आठ लाख दहा हजार होतात. पुढे दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १०,७०० रुपये. बँकेतल्या साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी मुलाकडे पाहिलं, तो त्या आकड्याकडे पाहत होता. एवढा हप्ता मानेवर असेल तर मिळेल ती पहिली नोकरी धरावी लागते. नको असली तरी.

४. सवलती आपणहून दारात येत नाहीत. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी टीएफडब्ल्यूएसच्या जागा असतात, तिथे शिकवणी फी माफ. पण त्यांचा कोड वेगळा, तो पर्याय अर्जात वेगळा भरावा लागतो. आमचं उत्पन्न त्यात बसलं नाही. पण ज्यांचं बसतं, त्यांना मी थांबवून हे सांगतो.

५. नावाला वजन असतं, ते नाकारू नये. चांगल्या कॉलेजात सोबतची मुलं हुशार भेटतात, सीनियर पुढे ओढून घेतात, हे खरंच मोलाचं. म्हणून दोन्हीकडच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठलं. फ्लेक्सवरच्या सर्वोच्च पॅकेजबद्दल विचारलंच नाही. तुमच्या ब्रँचच्या किती जणांना नोकरी लागली, मधल्या नंबरच्या मुलाला किती मिळाले, लॅब संध्याकाळी उघडी असते का, एवढंच विचारलं. उत्तरांत मला मोठी तफावत दिसली नाही.

६. शेवटचा शब्द मुलाचा हवा. त्याने पहिल्या पसंतीला कराड टाकलं, आणि तेच मिळालं. आता त्याला गेट देऊन एम.टेक. करायचंय, जेवताना आमच्यात वाद होतो तो कोणत्या विषयात करावं यावर.