जिम काढून देण्याआधी

बारावीचा निकाल लागला की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : "पोराचं अभ्यासात लक्ष नाही, पण व्यायामाचं वेड आहे. जिम काढून देऊ का? धंद्यात पडला की आपोआप शिस्त लागेल." स्पष्ट सांगायचं तर, देऊ नका. व्यायामाने आणि व्यवसायाने माणूस कणखर होतो, हे खरंच आहे. पण तो कशामुळे होतो, ते पाहा. वजन उचलायला लागल्यावर पहिले काही आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था सरावते म्हणून; आरशात फरक दिसायला महिने जातात. फळ दिसत नसताना रोज पहाटे उठणं, ठरलेलं वजन उचलणं आणि विश्रांतीच्या दिवशी खरोखर थांबणं, यातून शिस्त घडते. धंद्याचंही तसंच. चुकीची किंमत आपल्या खिशातून गेली, तरच हिशेब अंगवळणी पडतो. वडिलांनी एफडी मोडून थाटून दिलेल्या जिममध्ये कष्ट मुलाचे असतीलही, पण जोखीम वडिलांची असते. शिस्त लागण्याचं मूळ कारणच तिथे निघून जातं.

शिवाय या धंद्याचं गणित कठीण आहे. जागेचं भाडं, वीजबिल, ट्रेनरचा पगार आणि यंत्रांच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला ठरलेला. येणारी फी मात्र ठरलेली नाही. जानेवारीत संकल्प करून आलेली गर्दी परीक्षांच्या दिवसांत ओसरते, हप्ता ओसरत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला या ओझ्याखाली उभं करणं म्हणजे पहिल्याच दिवशी त्याच्या खांद्यावर शंभर किलोचा बार ठेवणं. याने कणखरपणा येत नाही, दुखापत होते.

"जोखमीशिवाय माणूस घडतो का?" असं कुणी विचारेल. नाही घडत, पण जोखीम त्याला पेलेल एवढी आणि त्याची स्वतःची हवी. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण असतात, त्यात मुलांसाठी 1600 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक. गावोगावी मुलं त्यासाठी घाम गाळतात. तयारीचं तंत्र शिकलेल्या मुलाने मैदानावर पाच जणांची सकाळची बॅच घ्यावी, फी स्वतः मागावी, कोण का सोडून गेला ते वहीत लिहावं. भांडवल जवळजवळ शून्य, आणि धडा मात्र पुरा.

सोबत शिक्षण हवंच. इंजिनिअरिंग, मेडिकल, एमपीएससीच्या वाटा सगळ्यांना पाठ आहेत. शारीरिक शिक्षणाची पदवी मात्र कुणी विचारात घेत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा 1914 पासूनची आहे. पदवीनंतर बी.पी.एड. करता येतं, खेळात कामगिरी असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रमही आहे. "पीटी शिकून काय मिळणार?" म्हणणाऱ्या पालकांनी लक्षात घ्यावं, की चुकीचा व्यायाम देणारा ट्रेनर दुसऱ्याचा गुडघा कायमचा निकामी करू शकतो. शरीररचना आणि दुखापतींचं ज्ञान हेच या धंद्याचं खरं भांडवल आहे.

मुलाला शिस्त लावण्याची घाई बहुधा पालकांच्या काळजीतून येते आणि ती काळजी पैशाने मिटवता येईल असं वाटतं. तसं होत नाही. सहा महिने बॅच चालली, वहीतला जमाखर्च त्याच्याच अक्षरात दिसला, तर पुढच्या भांडवलाचं बोला. तोवर कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही करू नका.