सव्वीस म्हणजे किती?

टायर इतका सहज चढला, तिथेच शंका यायला हवी होती. झरी जामणी तालुक्यातलं एक गाव, मे महिन्यातलं ऊन, लिंबाखाली उलटी टेकवलेली वडिलांची काळी सायकल आणि वणीहून एसटीने आणलेला कोरा टायर. ना पट्टी लागली, ना पान्याचा दांडा. नुसत्या अंगठ्यांनी दाबला आणि टायर रिंगवर. प्रस्तुत लेखक स्वतःच्या हातावर भलताच खूश झाला. हवा भरताना एका बाजूला टायर थोडा वर आल्यासारखा दिसत होता, चाक फिरवलं की लहरत होतं. चालवता चालवता बसेल, असं म्हणत स्वारी मुकुटबनच्या रस्त्याला लागली.

दीडेक किलोमीटरवर फटाक्यासारखा आवाज झाला. टायरच्या काठातली तार रिंगच्या कडेवरून निसटली, ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली आणि फाटली. लेखक रस्त्याकडेच्या काळ्या मातीत. गुडघा फुटला, कोपर सोलवटलं. मागून जड गाडी येत नव्हती म्हणून हे लिहिणं तरी शक्य झालं.

चूक दुकानदाराची म्हणावी, तर त्याने एक प्रश्न विचारला होता. “सव्वीसचा टायर द्या,” म्हटल्यावर तो म्हणाला, “पतला की जाडा?” लेखकाने ठोकून दिलं, “पतलाच द्या.” जुना टायर घरी खुंटीला लटकलेला होता. तो सोबत नेला असता तर त्याच्या बाजूवर २६ × १ १/२ छापलेलं दिसलं असतं. नवा होता २६ × १ ३/८. एक अष्टमांश इंच, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. एवढ्याने काय बिघडतं?

बरंच बिघडतं, कारण हा २६ चा आकडा रिंगचा नाहीच. हवा भरलेल्या टायरचा बाहेरून बाहेरपर्यंतचा जो व्यास, तो ढोबळमानाने २६ इंच, म्हणजे ६६० मिलिमीटर धरायचा, अशी ही जुनी पद्धत. आता ६६० मधून दोन्हीकडची जाडी वजा करून पाहावी. १ ३/८ इंच म्हणजे ३५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे ७० गेले, उरले ५९०. १ १/२ इंच म्हणजे ३८. ७६ गेले, उरले ५८४. टायरची तार रिंगवर जिथे बसते तिथला व्यास हा असा उरतो. टायर जितका जाड, तितकी रिंग लहान. लेखकाच्या ५८४ च्या रिंगवर ५९० चा टायर चढला होता. व्यासात फरक सहा मिलिमीटरचा, पण घेरात जवळजवळ दोन सेंटिमीटर ढिलाई. अंगठ्याने चढला तो यामुळे. उलट केलं असतं तर टायर चढलाच नसता, आणि बरं झालं असतं.

गिअरच्या सायकलीवर २६ × १.७५ किंवा १.९५ असं दशांशात लिहिलेलं असतं. त्यांची रिंग ५५९ ची. म्हणजे सव्वीस तीन प्रकारचे झाले, आणि एकाचा टायर दुसऱ्याला चालत नाही. अपूर्णांक आणि दशांश यांची गणितात बरोबरी होते, टायरमध्ये नाही. दूधवाल्यांच्या दणकट, उंच सायकलीचा २८ × १ १/२ हा टायर ६३५ च्या रिंगवर बसतो. शहरातून येणाऱ्या नव्या सायकलीवर मात्र २९ लिहिलेलं असतं आणि तिची रिंग निघते ६२२ ची! म्हणजे अठ्ठावीसची रिंग एकोणतीसपेक्षा मोठी. हा घोळ घालणाऱ्यांना कुणी तरी एकदा शाळेत बसवायला हवं होतं.

त्यातून सुटायला एक आंतरराष्ट्रीय खूण आहे. टायरच्या बाजूवर, बहुधा इंचांच्या शेजारीच, बारीक अक्षरांत ३७-५९० किंवा ४०-६३५ असे आकडे असतात. पहिला जाडीचा, दुसरा रिंगचा. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे, तिथे एक मिलिमीटरचीही सूट नाही. पहिल्यात थोडं इकडेतिकडे चालतं. पण जाडा टायर घेण्याआधी मडगार्ड आणि चिमट्यात किती जागा आहे ते पाहावं. या भागातली काळी माती पावसाळ्यात टायरला अशी चिकटते, की बोटभर फट नसेल तर चाक जाम होऊन सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

आकडे झिजले असतील तर टेपने रिंग मोजायच्या भानगडीत पडू नये. ५८४ आणि ५९० मधला फरक टेपवर हमखास चुकतो. चाकच काढून दुकानात न्यावं. तेही जमत नसेल तर जुना टायर न्यावा आणि नव्याच्या तारेवर त्याची तार टेकवून पाहावी. वर्तुळं जुळत नसतील तर टायर परत करावा, दुकानदार कितीही म्हणो की सव्वीस म्हणजे सव्वीसच. ट्यूबचं एवढं नाही, रबर ताणलं जातं. तिची जाडी साधारण जुळली आणि वॉल आपल्या पंपाला चालणारा असला म्हणजे झालं.

टायर चढवल्यावर हवा आधी अर्धीच भरावी आणि चाक हळू फिरवावं. टायरच्या काठाला समांतर एक बारीक उठावाची रेघ असते. ती रिंगपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे वर, कुठे आत गेलेली असेल तर हवा सोडून टायर पुन्हा बसवावा. तरीही तसंच राहिलं तर त्यावर बसू नये.

लेखकाला नवी ट्यूब, योग्य टायर आणि वणीची आणखी एक फेरी, एवढा दंड पडला. जखम भरायला तीन आठवडे लागले. तो चुकीचा टायर मात्र फुकट गेला नाही. शेजारच्या नववीतल्या मुलीच्या लेडीज सायकलवर ३७-५९० लिहिलेलं होतं. पट्टी लावून, घाम गाळून चढवावा लागला, आणि दोन पावसाळे झाले, अजून शाळेत जातो आहे.