मुसावात : शब्द आणि घर

समतेसाठी आपल्या व्याख्यानांतून वापरला जाणारा अरबी शब्द म्हणजे 'मुसावात'. सीन, वाव आणि या ही त्याची मूळ अक्षरे; अर्थ सरळ करणे, एका पातळीवर आणणे. हे नाम पवित्र कुरआनात आढळत नाही. मात्र ज्या क्रियापदापासून ते घडले, ते सूरह कहफच्या 96व्या आयतीत आले आहे. जुलकरनैन दोन पर्वतांमधील खिंड लोखंडाच्या तुकड्यांनी भरून कड्यांच्या बरोबरीला आणतात, ते हे स्थळ. विषय तटबंदीचा आहे, हे खरे. तरी शब्दाची चाल पाहावी. पर्वत खचवलेला नाही, खोलगट जागा भरली आहे. मराठीतील 'समता'ही 'सम' या संस्कृत शब्दापासून आली, आणि 'सम' म्हणजेही सपाट. इमाम नमाजापूर्वी 'सव्वू' म्हणून सफ सरळ करावयास सांगतो, तेव्हा याच मुळाची आज्ञा देतो.

वाचकहो, सफेत खांद्याला खांदा भिडवणे सोपे आहे. घरात काय होते? बाप हयातीतच बक्षीसपत्र करून घर मुलांच्या नावे करतो. मुलीच्या लग्नात खर्च झाला, एवढे सांगून विषय संपतो.

आदरणीय नोमान बिन बशीर (रजि.) यांना वडिलांनी एक भेट दिली. आईच्या आग्रहावरून वडील प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षीदार करण्यास गेले. सर्व अपत्यांना असेच दिले आहे काय, असे प्रेषितांनी विचारले. उत्तर नकारार्थी येताच त्यांनी साक्ष नाकारली. 'सहीह मुस्लिम'मधील एका कथनानुसार त्यांनी आणखी विचारले की, सर्व अपत्यांनी तुमच्याशी सारखेच चांगले वागावे, हे तुम्हाला आवडेल ना? येथे 'सारखे' यासाठी आलेला 'सवा' हा शब्द त्याच मुळाचा.

वारसाचे वाटे सूरह निसाने ठरवले आहेत, ते मृत्यूनंतरचे. हयातीतील भेटीत मुलगा-मुलगी समान, असे बहुसंख्य फकीह म्हणतात. इमाम अहमद यांनी वारसाचेच प्रमाण धरले. विनाकारण मुलीला वगळणे यांपैकी कोणालाही पसंत नाही. बशीर (रजि.) यांनी भेट परत घेतली. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी उरलेल्या अपत्यांना देऊन बरोबरी साधावी, हाही मार्ग फकीहांनी सांगितला आहे. आणि तो बाप जिवंत आहे तोवरच खुला असतो.