खाजगी माहितीची राखण व नकोशा संदेशांचा बंदोबस्त

उभ्या पिकाची राखण करावी लागते, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. परंतु हल्ली प्रत्येक खातेदाराजवळ आणखी एक चीज साठली आहे, व तिच्या राखणीची सवय अद्याप आपणांस लागलेली नाही. ती चीज म्हणजे आपली स्वतःची माहिती : मोबाईलचा क्रमांक, आधार क्रमांक, बँकेचे खाते, अंगठ्याचा ठसा आणि जमिनीची नोंद. ही परक्याच्या हाती गेली म्हणजे प्रथम जाहिरातींचा उपद्रव सुरू होतो, आणि पुढे प्रसंगी खात्यातील रक्कमही जाते. म्हणून ही माहिती कोठून फुटते व तिचा बंदोबस्त कसा करावा, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

माहिती कोठून फुटते?— बियाण्याच्या दुकानातील वही, प्रदर्शनातील सोडतीची चिठ्ठी, ट्रॅक्टरच्या चौकशीचा कागद, झेरॉक्सच्या दुकानात विसरलेली आधारची प्रत, आणि सर्व संपर्क पाहण्याची परवानगी मागणारी फुकट ॲपे, या तिच्या नेहमीच्या वाटा होत. यांपैकी एकेक गोष्ट क्षुल्लक दिसते. पण त्या एकत्र जुळविल्या म्हणजे माणसाची पुरी ओळख तयार होते.

शिवाय आपली काही माहिती मुळातच उघडी आहे. सातबाऱ्याचा उतारा कोणासही संगणकावर पाहता येतो. त्यात खातेदाराचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र व बोजा यांची नोंद असते. जमीन घेणाऱ्याची फसगत होऊ नये यासाठी हा उघडेपणा इष्टच आहे. मात्र त्यावरून एक धडा घेतला पाहिजे. फोनवरील मनुष्य आपले नाव, गाव, गट क्रमांक व सोसायटीचे कर्ज बिनचूक सांगतो, आणि मग म्हणतो, “तुमचा हप्ता अडकला आहे, आलेला अंक सांगा.” ऐकणाऱ्यास वाटते की, इतके ठाऊक असणारा सरकारी माणूसच असला पाहिजे. येथेच चूक होते. आपली माहिती ठाऊक असणे ही कोणाच्याही अधिकाराची खूण नव्हे. असा फोन आल्यास तो बंद करावा, आणि तलाठी, कृषी कार्यालय किंवा बँक यांजकडे स्वतः जाऊन अथवा आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर विचारावे.

ओटीपी व एपीके.— ओटीपी हा अंक म्हणजे खात्याची किल्ली होय. खरी बँक तो फोनवरून कधीच विचारीत नाही. रिझर्व्ह बँकेने 2017 साली ठरविलेल्या नियमांत, ग्राहकाने असा गुप्त अंक स्वतः दिला असल्यास बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी ठेविले होते, हे लक्षात घ्यावे.

दुसरा प्रकार याहून कपटी आहे. पीएम किसान योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एखादी फाईल येते व तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती यादी नसून ॲप असते. ते मोबाईलमध्ये घेऊन संदेश वाचण्याची परवानगी दिली की, ते ओटीपी परस्पर वाचते. मग कोणी विचारावयाचीही गरज उरत नाही. अशी फाईल ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरूनही येऊ शकते, कारण त्याचा मोबाईल आधीच बाधित झालेला असतो. म्हणून पाठविणारा कोण हे न पाहता अशी फाईल उघडूच नये.

अंगठ्याचा ठसा.— 2018 साली हैदराबाद येथे उघडकीस आलेल्या एका प्रकरणात जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील ठशांच्या नकला बनवून त्यांवर सिमकार्डे चालू करण्यात आली होती. आधारवर पैसे काढण्याच्या सोयीतही असा नकली ठसा वापरता येतो. मोबाईलचा क्रमांक बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. यास्तव आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून आपले ठसे कुलूपबंद करून ठेवावेत. मात्र कुलूप असता आपलाही अंगठा चालत नाही. रेशन किंवा ई-केवायसीच्या वेळी ते तात्पुरते काढावे लागते. आधारची प्रत द्यावयाची असल्यास पहिले 8 अंक झाकलेली प्रत काढून द्यावी. पुष्कळ ठिकाणी तीवर काम भागते.

नकोसे फोन व संदेश.— जाहिराती बंद करण्यासाठी 1909 या क्रमांकावर फोन करावा, अथवा इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ हा शब्द व पुढे 0 लिहून त्याच क्रमांकावर संदेश पाठवावा. याने बँकेचे व्यवहाराचे संदेश बंद होत नाहीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2025 साली केलेल्या दुरुस्तीप्रमाणे संदेश पाठविणाऱ्याच्या नावापुढे एक इंग्रजी अक्षर असते : जाहिरातीस ‘पी’, सेवेस ‘एस’, व्यवहारास ‘टी’ व सरकारी संदेशास ‘जी’. साध्या दहा अंकी क्रमांकावरून ‘सरकारी’ संदेश आल्यास तो संशयास्पद समजावा. नोंद करूनही जाहिरात आली तर सात दिवसांच्या आत 1909 वर तक्रार करता येते. फसवणुकीचा संशय असलेला क्रमांक ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर कळवावा; आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हेही तेथेच पाहता येते. व्हॉट्सॲपमध्ये आपणांस गटात कोणी घालावे हे ठरविण्याची सोय आहे. तेथे ‘माझे संपर्क’ एवढेच ठेवावे.

पैसे गेल्यास.— क्षणाचाही विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे व बँकेस सूचना द्यावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळविली जात असते. खबर लवकर मिळाली तर ती वाटेत थोपविता येते. लाजेने दोन दिवस गप्प बसणाराच पुरा बुडतो. फसलेल्यास हसणे हे चोरास साहाय्य करण्यासारखे आहे, हे गावानेही ध्यानी धरावे.

शेवटी आपल्या संस्थांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. सभासदांच्या याद्या खाते क्रमांक व मोबाईल क्रमांकासह फलकावर लावणे किंवा व्हॉट्सॲप गटात टाकणे ही चाल आपल्यात आहे. हेतू चांगला असतो, परंतु परिणामी आपणच चोरास सर्व सभासदांचा पत्ता देतो. व्यक्तीचे खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 साली दिला, व वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा 2023 साली संमत झाला. तथापि कायदा कुंपणाचे काम करील. राखण आपणांसच केली पाहिजे. पुढील सर्वसाधारण सभेत प्रत्येक सोसायटीने नावापुढे खात्याचे फक्त शेवटचे चार अंक छापण्याचा ठराव करावा, आणि हा लेख घरातील वडील मंडळींस व स्त्रियांस वाचून दाखवावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.