ईदुल-अजहा, आषाढी एकादशी आणि कुर्बानीची मुदत

2022 साली 10 जुलै रोजी आणि 2023 साली 29 जून रोजी ईदुल-अजहा व आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या. 2023 मध्ये महाराष्ट्रातील अनेक गावांत व शहरांत मुस्लिम बांधवांनी ईदची नमाज त्याच दिवशी अदा केली; कुर्बानी मात्र पुढील दिवसांवर नेली. नाशिककरांना या निर्णयामागची भावना समजावून सांगावी लागत नाही. ज्या त्र्यंबक रस्त्यालगत आपले शहाजहानी ईदगाह मैदान आहे, त्याच रस्त्याने त्र्यंबकेश्वरहून निघालेली संत निवृत्तीनाथांची पालखी पंढरपूरकडे जाते. तरीही काहींच्या मनात प्रश्न राहतो : शेजाऱ्यांसाठी आपण अल्लाहचा हुकूम मागे सारला काय?

याचे उत्तर भावनेत नव्हे, फिकहमध्ये शोधावे. कुर्बानीचा काळ जिलहिज्जच्या 10 तारखेला ईदच्या नमाजनंतर सुरू होतो. या आरंभाविषयी शरीअत कठोर आहे. नमाजपूर्वी ज्यांनी जनावर जिबह केले, त्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्या जागी दुसरी कुर्बानी करण्यास सांगितले. मुदतीच्या शेवटाविषयी मात्र सवड आहे. हनफी मतानुसार 12 तारखेच्या सूर्यास्तापर्यंत, तर आपल्या कोकणी घराण्यांत पाळल्या जाणाऱ्या शाफई मतानुसार 13 तारखेच्या सूर्यास्तापर्यंत कुर्बानी करता येते.

पहिला दिवस अफजल आहे, यात शंका नाही. परंतु अफजल वेळ सोडणे निराळे आणि वाजिब सोडणे निराळे. 11 किंवा 12 तारखेची कुर्बानी ही उशिराची भरपाई नव्हे. ती पूर्ण कुर्बानीच आहे. सूरह हजच्या 37 व्या आयतीचा आशय आपण जाणतोच : अल्लाहपर्यंत मांस वा रक्त पोहोचत नाही, पोहोचतो तो तकवा. शेजाऱ्याच्या उपवासाचा मान राखण्यासाठी शरीअतनेच दिलेली सवड वापरणारा या तकव्यापासून दूर गेला, असे कोण म्हणेल? मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा निर्णय स्वखुशीचा आहे. पहिल्या दिवशी बंद जागेत, स्वच्छता राखून कुर्बानी करणाऱ्याची कुर्बानी दुरुस्त आहे. त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही, मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांनाही नाही.

जे पुढे नेता येत नाही, त्यात हयगय नको. ईदची नमाज व खुतबा 10 तारखेलाच व्हावेत. पावसामुळे ईदगाह सोडून मशिदीत नमाज पढावी लागली, तरी हरकत नाही. तकबीर-ए-तशरीक 9 तारखेच्या फजरपासून 13 तारखेच्या असरपर्यंत प्रत्येक फर्ज नमाजनंतर म्हणावी.

शेजाऱ्याला मांस देणे जायज आहे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. घरी बकरी कापली असता हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांनी आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला की नाही, हे आवर्जून विचारले होते. पण जो मांस खात नाही त्याच्या दारी ते नेणे हा शेजारधर्म नव्हे. एकादशीला तर शेवया घातलेला शीरखुर्माही चालत नाही, कारण शेवया गव्हाच्या. खजूर, फळे, दूध चालते, तेच पाठवावे.

हा योग अपघाताचा नाही. दोन्ही पंचांगे चंद्रावर चालतात. म्हणून जिलहिज्जची 10 तारीख नेहमीच शुक्ल पक्षातील एकादशीच्या आसपास येते. हिंदू पंचांगात अधिक मास येतो, आपल्याकडे येत नाही, त्यामुळे महिने सरकत जातात. 2024 मध्ये ईद 17 जूनला आणि आषाढी 17 जुलैला आली. साधारण 32-33 वर्षांनी हे दोन दिवस पुन्हा जवळ येतील, तेव्हा आज शाळेत जाणारी आपली मुले घराचे कर्ते असतील.

पुढे नेलेली कुर्बानी विसरली जाऊ नये, यासाठी एक मसला मुलांनाही सांगून ठेवावा. मुदत टळली तर नंतर जनावर कापून वाजिब उतरत नाही. हनफी मतानुसार कुर्बानीसाठी घेतलेले जनावर जिवंतच सदका द्यावे लागते. जनावर घेतलेच नसेल, तर एका बकऱ्याची किंमत गरिबांना द्यावी लागते.